चंदेरी पाइपावरचा ठसा

मी एक जुना, कडा घासलेला, हातात धरायचा कॅमेरा आहे. पण मित्रांनो, माझ्यासमोर येण्यापूर्वी केस विंचरायची गरज नाही. तुमचे केस, नवा सदरा, कपाळावरची टिकली, यांतले मला काहीच दिसत नाही. मला दिसते ती तुमची ऊब. जे गार ते माझ्या पडद्यावर निळे, जे कोमट ते शेंदरी आणि जे तापलेले ते पांढरेशुभ्र. हिवाळ्यातल्या सकाळी माझ्यासमोर उभे राहिलात तर तुमचे गाल शेंदरी दिसतील आणि नाकाचा शेंडा निळा. हसू नका, सगळ्यांचाच दिसतो. कलेक्टर असो की फुगेवाला!

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला. तिथली माणसे पांढरे डगले घालून, तोंडाला पट्ट्या बांधून मला जोडत होती. धुळीचा एक कण माझ्या डोळ्याला लागू नये म्हणून केवढी ती काळजी! आणि एवढे जपून मला पाठवले कुठे, तर भिलाईला, तेही ऐन मे महिन्यात. पेटी उघडली, मी डोळा उघडला, तर भिंत पांढरी, छप्पर पांढरे, समोरच्या माणसाचे डोकेसुद्धा पांढरे. मला वाटले, मी बिघडलो! मग कळले, मी ठीक आहे, इथला उन्हाळाच असा आहे.

पहिली काही वर्षे मी एका मोठ्या कारखान्याच्या वीज विभागात काम केले. विजेच्या कपाटांतले सैल जोड शोधायचे, एवढेच माझे काम. वीज वाहते तिथे जोड सैल असला की तो तापतो. माणसाला ते दिसत नाही, मला मात्र तो जोड आकाशातल्या चांदणीसारखा दिसतो. एकदा असा एक ठिपका मी वेळेवर दाखवला आणि मोठी आग टळली. त्या वर्षी विश्वकर्मा पूजेला यंत्रांबरोबर मलाही पाटावर मांडले. सगळ्या पाइपांना नवा चंदेरी रंग लावला होता, झेंडूच्या माळा होत्या, आणि कोणीतरी भक्तिभावाने माझ्या कपाळाला कुंकू लावले. ते नेमके लागले माझ्या डोळ्यावर. पुसून काढायला दोन दिवस गेले, पण मला राग आला नाही. तो मान होता, मित्रांनो.

मग माझ्यापेक्षा तरुण, मोठ्या पडद्याचा कॅमेरा आला, आणि मी एका लोखंडी कपाटात गेलो. सोबतीला फाटके हातमोजे आणि बंद पडलेले घड्याळ. किती वर्षे गेली कोण जाणे. अंधाराचे मला काही वाटत नाही, मी अंधारात उत्तम पाहतो. पण त्या कपाटात ऊबच नव्हती. माणसाचा हात लागल्याशिवाय राहणे काय असते, ते मला तिथे कळले.

एके दिवशी जुन्या वस्तू निघाल्या, त्यांत मीही निघालो. दुर्गच्या पद्मनाभपुरात नूतन मॅडमची एक छोटी प्रयोगशाळा होती. तिथे पाणी, हवा, माती तपासत. मॅडमनी मला उलटून पालटून पाहिले आणि आपल्या हाताखाली काम करणाऱ्या रीनाकडे दिले. रीनाने नवी बॅटरी घातली, कळ दाबली, आणि मी कितीतरी वर्षांनी 'टक्' केले. हा आवाज मी अधूनमधून करतो. तो माझा खोकला नव्हे, त्या क्षणी मी आतल्या आत नजर साफ करून घेतो.

"बाप रे, जिता हाय हा तर!" रीना ओरडली. समोर तिचा चहाचा कप होता. पांढराशुभ्र, वाफाळता. जगातली सगळ्यात सुंदर वस्तू!

आणि मग काय सांगू तुम्हाला! आम्ही दोघांनी सगळा मुलूख पालथा घातला. वरून विझलेल्या कचऱ्याच्या ढिगाच्या पोटात कुठे आग धुमसते आहे, ते मी दाखवले. भर दुपारी टिनाचे छप्पर आणि कडुनिंबाची सावली यांत किती अंतर पडते, ते दुर्गच्या एका शाळेतल्या मुलांना दाखवले. तेव्हा त्या मुलांनी सुट्टीत खेळायला झाडाखालची जागा मागितली. रीनाची वडीलधारी माणसे गोंदियाकडची. ती घरी मराठी बोले, बाहेर हिंदी, आणि माझ्याशी दोन्ही. दोरी मनगटाला अडकवून ती मला घेऊन निघाली की मला वाटे, माझ्यासारखा भाग्यवान मीच.

पण आज तुम्हाला माझी फुशारकी सांगायची नाही. माझी चूक सांगायची आहे.

जामुलच्या रस्त्याला, वस्तीच्या कडेला एक तळे आहे. इकडे तळ्याला तरिया म्हणतात. त्या तरियात गयाबाई शिंगाड्याचे वेल लावत असे. गोंदियाकडच्या तळ्यांवर वाढलेली ही बाई लग्न होऊन भिलाईत आली. नवरा प्लांटात, म्हणजे पोलादाच्या कारखान्यात होता, तो गेला, आणि तरिया तेवढी तिच्याजवळ राहिली. तीस वर्षे ती दर पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उतरून वेल रोवत होती आणि थंडीत डोंगा, म्हणजे छोटी होडी, घेऊन शिंगाडे काढत होती. काठावर तिची चूल, चुलीवर शिंगाडे उकडायचे गंज, म्हणजे मोठे पातेले. तिथून जाणारा माणूस दोन गरम शिंगाडे खाल्ल्याशिवाय पुढे जात नसे.

त्या हिवाळ्यात तरियाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात वेल सडू लागले. मग मासे मरून वर आले. तरिया कोणाला लावायला द्यायची ते ठरवणाऱ्या वस्तीच्या समितीचे अध्यक्ष होते मारोतराव. प्लांटातून निवृत्त झालेले, सरळ पण रागीट गृहस्थ. मासे त्यांनीच सोडले होते. किडीसाठी गयाबाईने वेलांवर भलतेच औषध फवारले आणि त्याने मासे मेले, असे लोक बोलू लागले. गयाबाई म्हणाली, पूर्वेला मिल आहे, तिच्या कुंपणातून एक पाइप येतो, तो पाहा. ती लोखंडी सळ्या करणारी एक छोटी मिल होती. तापलेल्या सळ्यांवर पाणी सोडून त्या थंड करतात आणि ते गरम पाणी मिलने आतल्या टाकीत निववून पुन्हा वापरायचे असते. बाहेर सोडायचे नसते.

शनिवारी सकाळी नऊ वाजता समिती बसणार होती. औषधाचा दोष गयाबाईवर ठरला, तर समिती तरिया तिच्याकडून काढून घेणार होती. समितीने नूतन मॅडमना कळवले, आणि गुरुवारी भर दुपारी रीना मला घेऊन तिथे पोहोचली.

मिलचा सुपरवायझर अमरदीप कुंपणापाशी आला. बोलायला मोठा गोड माणूस.

"मॅडम, हा पाइप कधीचाच बंद हाय. जुनी लाइन हाय ती. तार गंजली हाय, हात नका घालू, लागन. तुमच्यापाशी कॅमेरा हाय ना? मग?"

कुंपणाच्या पलीकडे हातभर अंतरावर तो पाइप होता. विश्वकर्मा पूजेला रंगवलेला, चंदेरी, लखलखीत. पुढे तो जमिनीत शिरत होता आणि त्याचे तोंड दाट वेलांखाली पाण्यात बुडाले होते. रीनाने मला पाइपावर रोखले. मी पाहिले आणि सांगितले, निळा. थंड. मग तिने मला तरियावर फिरवले. दुपारच्या उन्हात पाने, पाणी, काठ सगळेच तापले होते. मला सगळीकडे एकसारखा पिवळा रंग दिसला. वेगळे असे काही नाही.

शुक्रवारी रीनाचा अहवाल आला. 'पाइप थंड आहे. वापरात नसावा.'

अहवालाची प्रत घेऊन आम्ही तरियावर गेलो तेव्हा मारोतराव तिथेच होते. त्यांनी चष्मा चढवून तो कागद दोनदा वाचला.

"आता बोला वयनी," ते म्हणाले. "मशीन तं खोटं नाई बोलत."

गयाबाई चुलीत लाकूड सारत होती. तिने मारोतरावांकडे पाहिलेही नाही. ती रीनाला म्हणाली, "पोरी, हात लावून पाह्यला का त्या पायपाले?"

रीनाने माझ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "नाही आजी. कॅमेऱ्यात थंड दिसला."

"अवं माय! म्हणजे माह्या तीस वर्साचा निकाल या डबीनं लावला? भाकर झाली का नाई, हे तरी हातानं पायते ना तू? का तिथंबी फोटो काढते?"

मित्रांनो, तेव्हा मला माझ्या त्या कपाटात परत जाऊन बसावेसे वाटले.

रीनाने पाइपाकडे वळून पाहिले. मग तिने विचारले, "आजी, मी उद्या सकाळी येऊ? उजाडायच्या आधी? उन्हानं गडबड होते."

"ये ना. डोंगा तयार ठेवतो. पण मंग तोंड लपवू नको, जे दिसन ते बोल."

शनिवारी फटफटायच्या आधी आम्ही पोहोचलो. काय ती थंडी! सगळे जग माझ्या पडद्यावर जांभळे-निळे होते. डोंग्यात बसल्यावर रीनाने गयाबाईला तिचा चेहरा पडद्यावर दाखवला.

"हे मी? नाक कुठं गेलं माहं?"

"थंड आहे म्हणून निळं दिसते, आजी."

"तरी म्हटलं! जवानीत बरं होतं ते नाक, आता तुह्या डबीनं तेबी नेलं." आणि ती इतकी मोठ्याने हसली की डोंगा हलला.

पूर्वेच्या कोपऱ्यात येताच गयाबाईने बांबूने वेल बाजूला सारले. मी पाहिले आणि आनंदाने ओरडावेसे वाटले! निळ्या पाण्यात खालून शेंदरी लोळ वर येत होता, शाईचा थेंब पाण्यात पसरावा तसा, आणि दूर जाता जाता निळ्यात विरत होता. गरम पाण्यात माशांना श्वास घेता येत नाही, म्हणून ते मेले होते. वेल शिजून सडले होते. उन्हाने जे माझ्यापासून लपवले होते, ते पहाटेने उघडे केले.

रीनाने फोटो काढले. काठावर येऊन तिने मारोतरावांना फोन केला आणि अमरदीपलाही बोलावले. साडेसात वाजले होते. दोघे आले, त्यांनी फोटो पाहिले. मारोतराव विचारात पडले. अमरदीप मात्र लगेच म्हणाला, "मॅडम, खालून गरम झरा असन. पाइप तं थंडा हाय. तुमच्याच रिपोर्टात लिवलं हाय ना?"

रीनाने पुन्हा मला पाइपावर रोखले. आणि मित्रांनो, मी पुन्हा निळाच रंग दाखवला! एका बाजूला शेंदरी पाणी, दुसऱ्या बाजूला थंड पाइप. मीच माझ्याविरुद्ध साक्ष देत होतो.

"आंग गरम आन डोक्शावर बर्फ," गयाबाई म्हणाली. "चाल, आधी चा पी. मंग पाहू."

चुलीवर गंज उकळत होते. ते ॲल्युमिनियमचे होते, ज्याला गयाबाई जर्मनचे गंज म्हणे. रीना चुलीशी बसली. माझा डोळा सहज गंजाकडे वळला होता, आणि रीनाने सहज पडद्याकडे पाहिले. आणि ती ताडकन उठली.

गंजाचे बूड पांढरेशुभ्र दिसत होते. आणि वरचा काठ निळा. एकाच गंजात, एकाच उकळत्या पाण्याला लागून, खाली आग आणि वर गारवा!

"आजी, हा वरचा काठ थंड आहे?"

"थंड? लावून पाय हात! काल पोळली मी."

"मग इथे निळा काऊन दिसतो?"

"मले काय माईत तुह्या डबीचं? वरचा काठ मी रोज घासतो, बुडाची काजळी ठेवतो. काळ्या बुडाचं गंज लवकर उकळते. आन चकचकीत भांड्याचा भरोसा नाई पोरी. काळं भांडं तापलं तं आगीसारखं सांगते. चकचकीत कावाबाज असते, दिसते साधं आन चटका देते."

रीनाने कपाळावर हात मारून घेतला. तिला शिकवलेले सगळे तिला त्या क्षणी आठवले. मित्रांनो, चकचकीत धातूची वस्तू आपली ऊब फारच थोडी बाहेर सोडते, आणि आरशासारखी दुसऱ्याची ऊब मला दाखवते. चंदेरी पाइपात मला पाइप दिसतच नव्हता. मला दिसत होते ते थंडीतले गार, मोकळे आभाळ! समोरची वस्तू किती चकचकीत आहे, हे वापरणाऱ्याने मला आधी सांगायचे असते. ते सांगायचे राहून गेले होते, आणि मी आभाळाचे प्रतिबिंब पाहून पाइपाची साक्ष दिली होती.

"आजी, मला थोडी काजळी पाहिजे," रीना म्हणाली.

"थोडी काऊन? मीच येतो."

गयाबाईने काल रिकाम्या केलेल्या, थंड पडलेल्या दुसऱ्या गंजाच्या बुडावर उजवा तळहात घासला. हात कोळशासारखा काळा झाला. मग ती तरातरा कुंपणापाशी गेली. अमरदीप "काकू, काकू, लागन!" म्हणेपर्यंत तिने तारांमधून हात घातला आणि त्या लखलखीत पाइपावर सपकन आपटला.

"हाय रे!" ती ओरडली. हात झटकन मागे आला. "थंडा पाइप म्हणे! शिंगाडे उकडतील याच्यावर!"

रीनाने मला रोखले. मी 'टक्' केले. आणि पाहिले.

निळ्या पाइपावर एक हात पेटला होता! पाच बोटे, तळहात, सगळे पांढरेशुभ्र, झगझगीत. चंदेरी रंग गप्प होता, पण जिथे काजळी लागली तिथे पाइप खरे बोलू लागला होता. मारोतराव पडद्यावर इतके वाकले की त्यांच्या श्वासाने माझा पडदा धुकटला.

अमरदीप अजून हार मानायला तयार नव्हता. "हे तं काकूच्या हाताची गरमी हाय. हात लावला म्हणून दिसते."

हे तर खरेच होते! कोणीही गार भिंतीला हात लावला की त्याचा ठसा मला काही वेळ दिसतो. पण गयाबाईने डावा हात वर केला. त्याला काजळी नव्हती. तिने तो कुंपणाच्या गंजलेल्या, गारठलेल्या खांबावर दाबून धरला आणि काढला. खांबावरही ठसा उमटला, शेंदरी.

"आता मोजा भाऊजी," ती मारोतरावांना म्हणाली. "शंभरपर्यंत येते ना? का अध्यक्ष झाल्यावर इसरले?"

मारोतराव मोजू लागले. मोठ्याने, शाळेतल्या मुलासारखे. दहापर्यंत दोन्ही ठसे दिसत होते. विसाला खांबावरची बोटे पुसट झाली. चाळिसाला तो ठसा निळ्यात मिसळून गेला. साठ, ऐंशी, पंच्याण्णव... शंभर! आणि पाइपावरचा हात अजून तसाच जळत होता. माझ्या आयुष्यात मी इतक्या उत्साहाने कधी काही दाखवले नाही.

मारोतराव सरळ उभे राहिले. "अमरदीप," ते शांतपणे म्हणाले, "व्हॉल्व्ह बंद कर. मी इथंच उभा हाय."

अमरदीप आत गेला. थोड्या वेळाने पाइपावरचा तो हात शेंदरी झाला, मग पिवळट, मग हळूहळू निळा. व्हॉल्व्ह उघडाच होता तर. कोणी उघडला, कधीपासून, अमरदीपला माहीत होते की नाही, ते मला कळले नाही. मी ऊब पाहतो, मने पाहत नाही.

नऊ वाजता समिती बसली. रीनाने सगळ्यांसमोर आधी आपला कालचा अहवाल फाडला. "चूक माझी झाली," ती म्हणाली, आणि मग फोटो दाखवले. मारोतरावांनी भाषण केले नाही. ते फक्त म्हणाले, "वयनी, तरिया तुमचीच हाय. मी तुमच्याबद्दल वाकडं बोललो."

"वाकडं बोलले, आता सरळ बसा," गयाबाई म्हणाली. "शिंगाडे आणले हाय, गरम हाय. खा अन पुढच्या साली मासे जरा कमी सोडा, माहे वेल कुरतडते."

मिलने तो पाइप कापून बंद केला. पुढच्या सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली, आणि नेहमीप्रमाणे सगळ्या पाइपांना चंदेरी रंग लागला. पण या वेळी प्रत्येक पाइपावर तळहाताएवढा काळा चौकोन सोडला होता, तपासायला येणाऱ्याला खरी ऊब दिसावी म्हणून. रीनाने तसे सुचवले होते आणि रंगाऱ्यांच्या मागे उभे राहून ते काम अमरदीपने करून घेतले. मिलमधली माणसे त्या चौकोनाला 'काकूची जागा' म्हणतात. मी गेल्या महिन्यातच ऐकले.

मित्रांनो, आता मी खरोखरच म्हातारा झालो आहे. पडद्यावर एक उभी रेघ आली आहे आणि बॅटरी चाळीस मिनिटांतच दमते. तरी रीना मला मऊ फडक्याने पुसते, दोरी मनगटाला अडकवते, आणि आम्ही निघतो. एवढे तुम्हीही करा. तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखा कोणी जुना चष्मा, दुर्बीण, तराजू पडला असेल, तर त्याला कपाटात विसरू नका. पुसा, वापरा. पण एक लक्षात ठेवा. मी सांगतो म्हणून लगेच खरे मानू नका. चकचकीत दिसते म्हणून तर अजिबातच नाही. ज्याने तीस वर्षे त्या पाण्यात पाय भिजवले आहेत, त्याला आधी विचारा.

माझ्या आठवणीत हजारो फोटो होते. जागा भरत आली की रीना जुने फोटो काढून टाकते. एक मात्र तिने कधीच काढला नाही. मला चालू केले की सर्वांत आधी तोच येतो. निळ्या पाइपावर पेटलेली पाच बोटे. मग मी 'टक्' करतो, नजर साफ करतो, आणि कामाला लागतो.